माझ्याकडे तर चालतंय!

एस नावाची सॉफ्टवेअरची एक लायब्ररी आहे, म्हणजे तयार कोडचा साठा. दोन संगणकांनी एकमेकांशी बोलायचं ठरवलं की शंभर कटकटी उपटतात. आधी कुणी बोलायचं, उत्तराची वाट किती वेळ बघायची, समोरचा मध्येच उठून गेला तर काय करायचं, एकाच वेळी पन्नास जण बोलायला लागले तर कुणाचं ऐकायचं. या सगळ्या कटकटी एसने अंगावर घेतल्या आहेत. डग्लस श्मिट या अमेरिकन संशोधकाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, कॅलिफोर्नियात अर्वाइनला असताना तिचा पाया घातला. पुढे सेंट लुईस आणि नॅशव्हिलच्या विद्यापीठांत ती वाढली. सी प्लस प्लसमध्ये लिहिलेली, लाखो ओळींची आणि फुकट. विमानांच्या यंत्रणांपासून टेलिफोनच्या जाळ्यांपर्यंत ती पोचली. लिनक्सवर चालते, विंडोजवर चालते आणि व्हीएक्सवर्क्स, क्यूएनएक्स वगैरे ज्यांची नावं उच्चारायलाही सराव लागतो अशा मंडळींवरही चालते.

अशा या भरल्या घरात एक फाइल मात्र मुद्दामच ठेवलेली नाही. तिचं नाव कॉन्फिग डॉट एच.

ती ज्याची त्याने करायची. लायब्ररीबरोबर येणाऱ्या सूचनांमध्ये तसं स्वच्छ लिहिलेलं आहे. लिनक्ससाठी, विंडोजसाठी, मॅकसाठी अशा कितीतरी तयार फायली आत आहेत. पण त्यांतली तुमची कोणती, हे अमेरिकेत बसलेल्या प्राध्यापकाला कुठून ठाऊक असणार? म्हणून आपण एक कोरी फाइल उघडायची, तिच्यात ‘लिनक्सवाली फाइल इथे जोड’ अशी एकच ओळ लिहायची आणि बंद करायची. एवढं केलं की लाखो ओळी कामाला लागतात. नाही केलं, की त्याच लाखो ओळी हाताची घडी घालून बसतात आणि कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कम्पायलर निर्विकारपणे कळवतो: कॉन्फिग डॉट एच, अशी फाइल वा फोल्डर सापडत नाही.

ही एक ओळ सांभाळण्याचा पगार मिळणारी माणसं जगात आहेत. त्यांतला एक नाशिकच्या पंचवटीत राहतो.

मालेगाव स्टँडवरून आत वळलं की जुने वाडे पाडून उभ्या राहिलेल्या इमारती लागतात. त्यांतल्या एकीच्या तिसऱ्या मजल्यावर तो, त्याचे आईवडील आणि त्याचे दोन लॅपटॉप असं कुटुंब आहे. त्याला इथे नुसतं पंचवटीकर म्हणू. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एका लहानशा कंपनीत तो आहे. कुठलं यंत्र किती तास चाललं, कधी थांबलं, किती तापलं, ही माहिती नेटवर्कवरून गोळा करून ऑफिसातल्या पडद्यावर दाखवायची, हे त्या सॉफ्टवेअरचं काम. ते एसवर बांधलेलं आहे. बांधणारे गृहस्थ कॅनडाला गेले. जाताना पंचवटीकराच्या हवाली दोन गोष्टी करून गेले. एक कडा उडालेला चहाचा मग आणि दुसरी ती फाइल.

घरात त्याच्या कामाबद्दल ‘कॉम्प्युटरचं करतो’ यापलीकडे कुणाला काही ठाऊक नाही. एकदा आईने दारात उभं राहून विचारलं होतं, “अरे, सकाळपासून काय लिहितोयस एवढं?”

“एक ओळ.”

“मग ऊठ आता. पानं घेतलीत.”

एका ओळीची म्हणून जन्माला आलेली ती फाइल पंचवटीकराच्या हाती आली तेव्हा चांगली दोन पानांची झाली होती. प्रोग्रामर मंडळी दोन तिरप्या रेघा ओढून त्यांच्यापुढे निरोप लिहून ठेवतात. कम्पायलर तो वाचत नाही, पुढच्या माणसाने वाचावा अशी अपेक्षा असते. या फाइलीतले निरोप वरून खाली वाचत गेलं की कंपनीचा सगळा इतिहास कळतो. एका व्याख्येवर लिहिलंय, ‘हे काढू नये.’ त्याखाली, वेगळ्याच कुणीतरी, ‘का?’ त्याखाली, ‘काढून पाहिलं. परत घातलं.’ आणि त्याखाली, वादावर पडदा टाकणारं, ‘काढू नये. का ते विचारू नये.’ आणखी एका ओळीवर ‘तात्पुरतं, दिवाळीपर्यंत’ असा शेरा आहे. कुठली दिवाळी, ते नाही. मध्येच एक अख्खा तुकडा कुलूप लावल्यासारखा बंद करून ठेवलेला आहे आणि त्यावर मथळा आहे, ‘मोठ्या साहेबांच्या लॅपटॉपसाठी’. मोठे साहेब हल्ली टॅबलेट वापरतात.

या फाइलीत काय लिहिलंय याइतकंच ते कुठे लिहिलंय यालाही महत्त्व असतं. लायब्ररीतल्या काही व्याख्या ‘हे आधी कुणी ठरवलंय का? नसेल तर मी ठरवतो’ अशा समजूतदार स्वभावाच्या असतात. त्यांना आपलं ऐकायला लावायचं तर जोडणीच्या ओळीच्या वर बोलायचं. काही मात्र कुणाला न विचारता ठोकून दिलेल्या असतात. त्या बदलायच्या तर जोडणीच्या ओळीच्या खाली जाऊन आधी ‘ते रद्द’ म्हणायचं आणि मग आपलं म्हणणं मांडायचं. वरचं खाली किंवा खालचं वर झालं तर चूक दाखवली जातेच असं नाही. कधी कम्पायलर नाराजी व्यक्त करतो. कधी सगळं गुपचूप जुन्याच पद्धतीने चालत राहतं आणि आपण बदल केला या समाधानात माणूस घरी जातो.

पंचवटीत वाढलेल्याला ही भानगड जड जाऊ नये, कारण पंचवटी स्वतःच अशा वरच्या-खालच्या ओळींवर चालते. भूगोलाच्या पुस्तकात नदीचं नाव गोदावरी आहे. पंचवटीत कुणी गोदावरीवर जात नाही, सगळे गंगेवर जातात. बुधवारचा बाजार गंगेवर भरतो, पूर गंगेला येतो. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं हा आकडा पेपरात येतो खरा, पण पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की गळ्याला, हे कळल्याशिवाय पंचवटीतल्या एकाही माणसाला पुराचा अंदाज येत नाही. महादेवाच्या देवळात समोर नंदी असायचाच, ही झाली सर्वसाधारण व्याख्या. रामकुंडाजवळच्या कपालेश्वरात नंदी नाही. इथे तो रद्द केलेला आहे. त्यामागची कथा सांगणारे पुष्कळ आहेत. पण बाहेरगावचा भाविक गोंधळून ‘नंदी कुठंय?’ म्हणून विचारतो, तेव्हा फुलवाला हार मोजता मोजता एवढंच सांगतो, “इथं नसतोच.”

कंपनीत मात्र फुलवाला नव्हता.

ही फाइल ज्याच्या त्याच्या यंत्रापुरती असते, म्हणून ती सगळ्यांच्या सामायिक कोडमध्ये ठेवायची नाही असा रिवाज आहे. सामायिक कोड सांभाळणाऱ्या गिटला तशी ताकीदच दिलेली असते. ज्या फायलींकडे दुर्लक्ष करायचं त्यांच्या यादीत हिचं नाव घालून ठेवतात. रिवाज बरोबर आहे. एकाचं यंत्र लिनक्सचं, दुसऱ्याचं विंडोजचं. याची ओळ त्याच्या गळ्यात मारून कसं चालेल? पण त्याचा परिणाम असा होतो की कोड सगळ्यांकडे असतो आणि तो चालवणारी ओळ ज्याच्या त्याच्या लॅपटॉपवर. लॅपटॉप हातातून पडला की ओळ गेली.

सिन्नरची एक मुलगी कंपनीत नव्याने लागली. तिने कोड उतरवून घेतला, कम्पायलर चालवला आणि जी चूक यायची ती आली. तिने आधी स्वतः शोधाशोध केली, मग शेजारच्या खुर्चीतल्या मुलाला विचारलं. तो तिच्या पडद्याकडे सहानुभूतीने बघून म्हणाला, “माझ्याकडे तर चालतंय.”

सॉफ्टवेअरच्या धंद्यात ‘नमस्कार’च्या खालोखाल हेच वाक्य बोललं जात असावं. त्यात मदत नसते, उत्तर नसतं, आणि खोटंही काही नसतं.

पंचवटीकर त्या दिवशी घरून काम करत होता. मुलीने फोन लावला.

“सर, कॉन्फिग डॉट एच कुठे मिळेल?”

“मिळत नाही ती. करावी लागते.”

“कशी करायची?”

“एक ओळ आहे गं. पाठवतो.”

“एकच?”

“तशी एकच. बाकीच्या सवयीने आहेत.”

कंपनीत सूचना वर्डमध्ये लिहून ठेवण्याची पद्धत होती, म्हणून त्याने ती ओळ वर्डमध्ये टाइप केली आणि मेलने धाडली. आता वर्डला सौंदर्यदृष्टी आहे. सरळ उभी अवतरणचिन्हं दिसली की तो त्यांना सुबक बाक देतो. पत्रिकेत ते शोभून दिसतं, कम्पायलरला चालत नाही. मुलीने ओळ जशीच्या तशी उचलून फाइलीत टाकली आणि कम्पायलर म्हणाला, इथे अवतरणचिन्हांत फाइलीचं नाव अपेक्षित आहे. नाव अवतरणचिन्हांत होतं. तिला दिसत होतं. शेजारच्या मुलाला दिसत होतं. तिघाचौघांनी पडद्याला नाक लावून पाहिलं आणि सगळ्यांना दिसलं. शेवटी तिने ती दोन चिन्हं पुसून त्याच जागी, त्याच बोटाने पुन्हा टाइप केली, आणि चाललं. हे का झालं ते सांगायला कुणी उरलं नव्हतं, कारण तोवर सगळे चहाला गेले होते.

प्रत्येक नव्या माणसाला एवढा त्रास नको म्हणून कंपनीतल्या एका परोपकारी सहकाऱ्याने मग एक उपाय केला. आपली फाइल त्याने गिटची ताकीद मोडून सरळ सामायिक कोडमध्ये घातली. त्याचं यंत्र लिनक्सचं. दुसऱ्या दिवशी सकाळी विंडोजवाल्यांच्या यंत्रांना कळलं की आपण लिनक्स आहोत. त्यांतल्या एकाने चिडून फाइल ‘दुरुस्त’ केली. दुपारच्या चहापर्यंत लिनक्सवाले विंडोज झाले. गिट प्रत्येक बदलाबरोबर एक टीप लिहून घेतं आणि ती सहजासहजी पुसू देत नाही. त्या आठवड्याच्या टिपा अजून वाचायला मिळतात: ‘दुरुस्त केलं’, ‘परत दुरुस्त केलं’, ‘कृपया या फाइलीला हात लावू नये’, ‘हात लावला, क्षमस्व’, आणि मग नुसतंच ‘आता बघा’.

हा गोंधळ निदान दिसणारा होता. न दिसणारा त्याहून वाईट. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांची कमाल संख्या सुमारे ४२९ कोटी. ती पुरणार नाही म्हणून लांब पत्त्यांची आयपीव्ही६ ही पद्धत आली. एसमध्ये ते लांब पत्ते हवे असतील तर याच कॉन्फिग डॉट एचमध्ये तशी व्याख्या लिहायची सोय आहे. व्याख्या असली की पत्ता ठेवण्याचा कप्पा मोठा होतो, नसली की लहान राहतो. आता समजा लायब्ररी एका फाइलीने कम्पाइल केली आणि तिच्यावरचा प्रोग्राम दुसऱ्या फाइलीने. लायब्ररी मोठ्या कप्प्याच्या हिशेबाने लिहिते, प्रोग्राम लहान कप्प्याच्या हिशेबाने जागा देतो. कम्पायलरला यात काही वावगं दिसत नाही. प्रोग्राम सुरूही होतो. मग केव्हातरी, बहुधा ग्राहक ऑफिसात येऊन पडद्यासमोर बसलेला असताना, शेजारच्या कप्प्यातली माहिती तुडवली जाते आणि सगळं आडवं होतं. पंचवटीकराच्या फाइलीतल्या ‘काढू नये, का ते विचारू नये’ या निरोपाखाली नेमकी हीच व्याख्या होती. कॅनडावाल्यांनी कारण लिहिलं असतं तर वाक्य लांबलं असतं, एवढंच.

कम्पाइल झाल्यावर तरी सुटका व्हावी, तर तसंही नाही. चालू होताना कोणकोणत्या सेवा जोडायच्या हे सांगायला एसची आणखी एक फाइल असते, एसव्हीसी डॉट कॉन्फ. वेगळं काही सांगितलं नसेल तर ती चालू फोल्डरमध्ये शोधली जाते, म्हणजे प्रोग्राम जिथे उभा राहून सुरू झाला तिथे. त्यामुळे तोच प्रोग्राम, त्याच यंत्रावर, एका फोल्डरमधून सुरू केला तर सगळी यंत्रं मोजतो आणि दुसऱ्या फोल्डरमधून सुरू केला तर कुणाचीच दखल न घेता शांतपणे चालत राहतो. एका कारखान्यात रात्रपाळीच्या माणसाने पडद्यावर सोयीचं म्हणून प्रोग्रामचं चित्र आणून ठेवलं आणि तिथून सुरू केलं. रात्रभर एकही यंत्र थांबलं नाही, असा अहवाल सकाळी निघाला. पाळीच्या सुपरवायझरला तो इतका आवडला की त्याने प्रिंट काढली.

पत्त्यांची गोष्ट निघालीच आहे तर होस्ट्स फाइलीला वगळून पुढे जाता येत नाही. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवर सुरुवातीला सगळ्या संगणकांची नावं आणि पत्ते एकाच यादीत असत. ती कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या चमूकडे असे. नवीन संगणक आला की त्यांना कळवायचं, त्या यादीत नोंद करणार, आणि बाकीचे ती यादी उतरवून घेणार. व्याप वाढला तेव्हा पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएस मांडली आणि यादीची जागा जगभर पसरलेल्या व्यवस्थेने घेतली. यादी मात्र मेली नाही. प्रत्येक संगणकात ती एका कोपऱ्यात अजून आहे, आणि सहसा अख्ख्या जगाची डीएनएस काय म्हणते ते विचारण्याआधी संगणक तिलाच विचारतो. तिच्यात तुम्ही जे लिहाल ते तुमच्या यंत्रापुरतं ब्रह्मवाक्य.

विंडोजमध्ये ती सिस्टिम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी अशा एकात एक फोल्डरांच्या तळाशी असते. तिच्या नावाला शेपूट नाही, नुसतं ‘होस्ट्स’. नोटपॅडमध्ये नव्याने लिहून जतन करायला जावं तर नोटपॅड आपुलकीने ‘डॉट टीएक्सटी’ हे शेपूट लावून देतो, विंडोज नेहमीच्या सवयीने ते शेपूट लपवून ठेवतं, आणि फाइल अगदी बरोबर नावाने, अगदी बरोबर जागी बसलेली दिसत असूनही संगणक तिच्याकडे ढुंकून बघत नाही. याच्या उलट प्रकार अधिक घातक. कधीकाळी चाचणीपुरती घातलेली ओळ काढायची राहते. कारखान्याचा सर्व्हर नव्या पत्त्यावर गेला, सगळं जग तिकडे जातंय, आणि कंपनीतला एकच लॅपटॉप निष्ठेने जुन्या सर्व्हरकडे जातोय. जुना बंद केलेला नसल्यामुळे तोही आनंदाने उत्तर देतोय. त्या लॅपटॉपच्या मालकाला वाटतं, बाकीचेच काहीतरी बोलतायत. माझ्याकडे तर चालतंय.

‘माझ्याकडे’ म्हणजे नेमकं कुठे, यावरही संगणकांचं एकमत नाही. संगणकाने स्वतःलाच हाक मारायची असेल तर लोकलहोस्ट हे नाव आणि १२७.०.०.१ हा पत्ता असतो. खरं तर १२७ ने सुरू होणारे सगळेच्या सगळे, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते या स्वगतासाठी राखून ठेवले आहेत. जुन्या लोकांचा हात सढळ होता. आयपीव्ही६ मध्ये त्यासाठी एकच पत्ता दिला. मग ऑक्टोबर २०२१ मध्ये नोड या लोकप्रिय प्रणालीची सतरावी आवृत्ती आली. आधीच्या आवृत्त्या लोकलहोस्ट म्हटलं की जुना पत्ता पुढे करायच्या. हिने ऑपरेटिंग सिस्टिम ज्या क्रमाने देईल तो क्रम मानायचं ठरवलं. पुष्कळ यंत्रांवर पहिला आला नवा पत्ता. सर्व्हर जुन्या पत्त्यावर कान देऊन बसलेला, त्याला शोधणारा प्रोग्राम नव्या पत्त्यावर हाका मारतोय, दोघेही एकाच लॅपटॉपमध्ये, आणि निकाल: जोडणी नाकारली. त्याच वर्षी मॅकच्या मॉन्टेरे आवृत्तीने ५००० क्रमांकाचं पोर्ट एअरप्लेसाठी अडवलं. वर्षानुवर्षं तिथे बसणारे पायथॉनवाले सकाळी आले तर जागेवर पाहुणा.

पंचवटीकराची सर्वांत मोठी डोकेदुखी मात्र प्रॉक्सी. अंबडला ऑफिसच्या नेटवर्कवरून बाहेर जायचं तर मध्ये प्रॉक्सी सर्व्हर आहे, त्याचं नाव-गाव संगणकाला सांगावं लागतं. पंचवटीत घरी प्रॉक्सी नाही; तिथे ते नाव-गाव राहून गेलं तर काहीच चालत नाही. म्हणजे सकाळी अहिल्यादेवी होळकर पूल ओलांडून रविवार कारंजाकडे निघालं की प्रॉक्सी चालू करायचा आणि संध्याकाळी गंगा ओलांडून परत आलं की बंद. त्याने ‘अंबड’ आणि ‘घर’ अशा दोन आज्ञाच करून ठेवल्या आहेत. त्यांतही मेख अशी, की वेगवेगळी साधनं प्रॉक्सीचं नाव वेगवेगळ्या ठिकाणी बघतात. काहींना ते कॅपिटल अक्षरांत लिहिलेलं चालतं. कर्ल हे जगभर वापरलं जाणारं साधन एचटीटीपी-प्रॉक्सी हे नाव फक्त स्मॉल अक्षरांतच मानतं. ज्या लिपीत कॅपिटल-स्मॉल हा भेदच नाही तिच्यात वाढलेल्या माणसाला हा निव्वळ आडमुठेपणा वाटेल, पण त्याला कारण आहे. काही वेब सर्व्हर बाहेरून आलेल्या विनंतीतले मथळे कॅपिटल नावांच्या सेटिंग्ज म्हणून आत ठेवतात. तेव्हा कुणी परक्याने ‘प्रॉक्सी’ असा मथळा पाठवला तर तो आपल्याच सर्व्हरची वाट बदलू शकतो. २०१६ मध्ये हे भोक अनेक भाषांच्या लायब्रऱ्यांत सापडलं आणि त्याला एचटीटीपॉक्सी असं नावही पडलं. पंचवटीकराने हे सगळं एकदा जेवताना बाबांना समजावून सांगितलं. बाबा म्हणाले, “म्हणजे अक्षर नीट काढत जा.”

आता पंचवटीत २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याची कामं निघाली आहेत. रस्ता खणला की कुणाची तरी तार तुटते, आणि तार तुटली की पंचवटीकर फोनच्या हॉटस्पॉटवर येतो. घरच्या राउटरवर त्याच्या लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होतो. अनेक अँड्रॉइड फोनांच्या हॉटस्पॉटवर वर्षानुवर्षं तो १९२.१६८.४३ ने सुरू होत आलाय, आयफोनवर १७२.२०.१० ने. हे सगळे घरगुती पत्ते आहेत. १९९० च्या दशकात ते तसे ठरवून दिले गेले आणि जगातल्या कोट्यवधी घरांत तेच ते वापरले जातात. ज्या फाइलीत राउटरवरचा पत्ता अंकांत कोरून ठेवलेला असेल ती हॉटस्पॉटवर आली की मुकी होते. आई गॅलरीतून रस्त्याकडे बघत सांगते, “जेसीबी आला रे.” हा त्या घरात नेटवर्क बदलल्याचा अधिकृत इशारा आहे.

सिंहस्थ आणि नेटवर्क यांचं नाशिकमध्ये तसं जुनं सख्य. मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये संशोधन करणारे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने २०१४ पासून इथे कुंभथॉन भरले. कुंभातले प्रश्न तंत्रज्ञानाने सोडवायला तरुण मुलं दिवसरात्र एकत्र बसत. निलय कुलकर्णी या नाशिकच्या शाळकरी मुलाने साथीदारांसह पावलं मोजणारी चटई बनवली. २०१५ च्या सिंहस्थात गर्दी मोजायला ती वापरली गेली आणि पुढे त्याने टेडच्या व्यासपीठावरून तिची गोष्ट सांगितली. पंचवटीकराच्या घरी या चटईचं अजून नाव निघतं. “त्या मुलाची चटई माणसं मोजायची,” आई म्हणते, “तुझं मशीन काय मोजतं?” तो म्हणतो, मशीन. तिचं समाधान होत नाही.

अशी वस्तू घरच्या वायफायवर चालवून दाखवणं आणि तीच घाटावर नेऊन ठेवणं, यांत जो डोंगर उभा राहतो तो बहुतेक वेळा सेटिंग्जचाच असतो. घाटावर कोडची एकही ओळ बदलायची नसते. बदलतं ते नेटवर्कचं नाव, पासवर्ड, सर्व्हरचा पत्ता आणि किती वेळ थांबायचं तो आकडा. हेरोकू या कंपनीच्या मंडळींनी, ॲडम विगिन्स यांच्या लेखणीतून, २०११ च्या सुमारास चांगल्या सॉफ्टवेअरची बारा पथ्यं लिहून काढली. त्यांतलं एक हेच, की जागेनुसार जे बदलतं ते कोडच्या बाहेर ठेवा. पथ्य पाळलंय की नाही हे तपासायची त्यांची कसोटी मजेशीर आहे: तुमचा सगळा कोड या क्षणी जगजाहीर केला, तर एखादा पासवर्ड उघडा पडेल का? पंचवटीकराने ही कसोटी मोठ्या साहेबांना सांगितली. साहेबांनी फक्त ‘जगजाहीर’ एवढंच ऐकलं आणि दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

सिन्नरच्या मुलीने मात्र ऐकलं. तोवर ती ‘सर’वरून ‘दादा’वर आली होती. तिने खरी फाइल पुन्हा गिटच्या दुर्लक्ष-यादीत टाकली आणि तिच्या जागी सामायिक कोडमध्ये एक नमुना ठेवला: कॉन्फिग-नमुना डॉट एच. मूल्यं नाहीत, फक्त जागा. प्रत्येक जागेपुढे हे काय आहे, वर लिहायचं की खाली, आणि चुकलं तर काय दिसेल. नवीन माणसाने नमुन्याची नक्कल करायची, नाव बदलायचं, आपल्या यंत्राचं भरायचं. लायब्ररी आणि प्रोग्राम एकाच फाइलीने कम्पाइल झालेत ना, हे तपासणारा चार ओळींचा कोडही तिने घातला. मग ती दादांच्या दोन पानी फाइलीसमोर बसली आणि एकेका ओळीवर बोट ठेवून विचारू लागली.

“हे कशाला?”

“जुन्या कम्पायलरसाठी.”

“तो कुणाकडे आहे?”

“कुणाकडेच नाही.”

“काढू?”

पंचवटीकर थोडा वेळ गप्प राहिला. “काढ,” तो म्हणाला, “पण मला एक कॉपी मेल कर.”

दिवाळीपर्यंतचं तात्पुरतं गेलं. मोठ्या साहेबांचा लॅपटॉप गेला. ‘काढू नये’वाली ओळ राहिली, तिच्याखालचा सगळा वाद पुसून मुलीने तिथे कप्प्याच्या आकाराचं खरं कारण लिहिलं. प्रॉक्सीसकट अंबडचा आणि प्रॉक्सीविना घरचा असे दोन वेगळे नमुने झाले. उत्तराची वाट किती सेकंद बघायची, या आकड्यापाशी ती अडली, कारण तो दादांनी अंदाजाने टाकला होता आणि ठीक चालत होता. तिने आकडा ठेवला आणि पुढे लिहिलं: ‘पंचवटीत हे चालतं. तुमच्याकडे काय चालतं ते खाली लिहा.’

दोनच दिवसांत पहिली नोंद आली. कंपनीचा एक मुलगा पुण्याहून काम करतो. त्याने आकडा दिलाच नव्हता. लिहिलं होतं: ‘पुण्यात वाट बघत नाहीत.’